डाव्या आशयाचे प्रोग्रेसिव्ह रॉक: राजकारण शब्दांत असते, सुरांत की तिकिटाच्या दरात?

सप्तमात्रा

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचना करणारी रॉक संगीताची शाखा, ऐकणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन तट दिसतात. एका तटाला त्यात परीकथा, अवकाशयाने आणि न संपणारे ऑर्गनवादन एवढेच दिसते. दुसरा तट पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स'पाशी येतो, 'हे पाहा राजकीय संगीत' म्हणतो आणि तिथेच मुक्काम करतो. १९७७ सालचा तो अल्बम मोठा आहे यात वाद नाही. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' या कादंबरीतील प्राण्यांचा धागा पकडून केलेली कुत्रे, डुकरे आणि मेंढ्या अशी समाजाची वाटणी, सतरा मिनिटांचे 'डॉग्ज', 'शीप'मध्ये बायबलमधील तेविसाव्या स्तोत्राचे केलेले विडंबन, हे सगळे आजही ताजे वाटते. परंतु त्यात संताप आहे आणि संतापानंतर काय करायचे याविषयी मौन आहे.

ज्यांनी केवळ संताप व्यक्त न करता स्वतःला उघडपणे समाजवादी किंवा साम्यवादी म्हणवून घेतले, अशा प्रोग्रेसिव्ह रॉक मंडळींचा शोध मी सध्या घेत आहे. इंग्लंडमधील हेन्री काऊ आणि इटलीतील आरेआ ही दोन नावे कानावर आली आहेत. जाणकारांनी कोठून सुरुवात करावी ते सांगावे. त्याचबरोबर एक शंका आहे, आणि खरे तर धागा तिच्यासाठीच काढला आहे. ज्या कष्टकऱ्यांची बाजू हे संगीत घेते, त्यांना दर पाच ओळींनी मात्रा बदलणारी, धून हाताला लागू न देणारी पंधरा मिनिटांची रचना ऐकावीशी वाटत असेल का? वाटत नसेल, तर या संगीताचे डावेपण नेमके कोठे शोधायचे?

नीलांबरी

सुरुवात हेन्री काऊच्या 'इन प्रेझ ऑफ लर्निंग' या १९७५ च्या अल्बमपासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९६८ साली हा गट सुरू केला. ड्रमवादक ख्रिस कटलर नंतर आला आणि गटाच्या राजकीय विचाराला धार आली. 'इन प्रेझ ऑफ लर्निंग' हे नाव जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तच्या कवितेचे आहे. मुखपृष्ठावर विणलेला लाल मोजा आहे. आधीच्या दोन अल्बमांवरही मोजेच होते, परंतु लाल रंगावर येण्यासाठी हा अल्बम यावा लागला. 'कला हा आरसा नव्हे, हातोडा आहे' या आशयाचे माहितीपटकार जॉन ग्रिअर्सनचे वचनही वेष्टनावर छापलेले आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. पहिले गाणे 'वॉर' अडीच मिनिटांत संपते आणि ते बरेच सोपे आहे. त्यानंतर येते हॉजकिन्सनचे 'लिव्हिंग इन द हार्ट ऑफ द बीस्ट', जे पंधरा मिनिटांहून मोठे आहे. डागमार क्राउझे ही जर्मन गायिका त्यात जे करते त्याला गाणे म्हणावे की वाद घालणे म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ओळीच्या मध्येच तिचा आवाज कर्कश होतो, लगेच मऊ होतो, आणि मागची वाद्ये तिला टेकू देण्याऐवजी तिच्याशी भांडत राहतात. असे बराच वेळ चालल्यानंतर शेवटच्या काही मिनिटांत ती सारी विस्कटलेली वाद्ये हळूहळू एका चालीवर येतात आणि चक्क मिरवणूक निघाल्यासारखी पुढे सरकू लागतात. सप्तमात्रा, तुमच्या शंकेचे अर्धे उत्तर मला तेथे मिळते. भांडवली समाजात भाषासुद्धा आपली राहत नाही, एवढे सांगून ही रचना थांबत नाही. तुटलेपणातून एकत्र येण्याची क्रिया ती कानांना करून दाखवते.

विसूभाऊ

क्रांती जरूर करावी, परंतु ठेका चारचाच ठेवावा अशी नम्र सूचना आहे. सातच्या ठेक्यावर मोर्चा निघाला तर मागच्याचा पाय पुढच्याच्या चपलेवर पडतो.

मिलानकर

नोकरीनिमित्त उत्तर इटलीत राहत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. विसूभाऊंना आधी सांगतो की आरेआने १९७४ साली प्रत्यक्ष 'इंटरनॅशनल' या जगभरच्या कामगार चळवळीच्या गीताचीच तबकडी काढली होती. त्यात ठेका फारसा चुकत नाही. पायाखाली येतो तो गीताचा सूर.

आरेआचा जन्म १९७२ चा, मिलानचा. गायक देमेत्रिओ स्त्रातोस हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे ग्रीक आईवडिलांच्या पोटी जन्मला. आधी तो साध्या लोकप्रिय गाण्यांचा गायक होता. नंतर त्याने आवाजावर एवढे काम केले की एकाच वेळी दोन किंवा अधिक स्वर काढण्यापर्यंत त्याची मजल गेली. १९७३ च्या पहिल्या अल्बमचे नाव 'आर्बाइट माख्ट फ्राय', म्हणजे 'काम मुक्त करते', हे आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या फाटकावरील शब्द. मूळ तबकडीसोबत वेष्टनात पुठ्ठ्याचे पिस्तूल मिळत असे. ही कल्पना क्राम्प्स या लेबलचा प्रमुख जान्नी सास्सी याच्या डोक्यातून आली होती. जाहिरातीच्या धंद्यातून आलेला हा माणूस जाहिरातीचेच हत्यार उलटे धरत असे.

त्या अल्बममधील पहिले गाणे 'लुल्यो, अगोस्तो, सेत्तेम्ब्रे (नेरो)' पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर आहे. आरंभी वाद्य नाही, केवळ एका स्त्रीचा अरबी भाषेतील स्वर आहे. मग स्त्रातोस येतो, आणि त्याच्यामागून बाल्कन वळणाची, विषम मात्रांची धून अशी उसळते की लग्नातल्या बँडला विजेचा झटका बसला असावा. येथे सप्तमात्रांच्या शंकेला माझे उत्तर असे आहे की विषम मात्रा ही काही केवळ कॉन्झर्व्हेटरीत म्हणजे संगीत महाविद्यालयात शिकलेल्यांची मिरासदारी नाही. बाल्कन प्रदेशातील खेडूत सात आणि अकरा मात्रांवर पिढ्यानपिढ्या नाचत आले आहेत. आरेआने गुंतागुंत लोकांच्या घरातूनच उचलली आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर ठेवली.

१९७९ साली स्त्रातोस रक्ताच्या आजाराने न्यूयॉर्कच्या रुग्णालयात होता. उपचारांसाठी निधी उभारावा म्हणून मिलानच्या अरेना या मैदानात १४ जून रोजी मोठी मैफल ठरली होती. आदल्या दिवशी, १३ जूनला तो गेला. मैफल रद्द झाली नाही. वय होते अवघे चौतीस.

तबलजी_पुणेकर

अवांतर, परंतु विषयाला धरूनच. फ्लॉइडचे 'मनी' सात मात्रांचे आहे आणि रूपक हा सात मात्रांचा ताल अंगात मुरलेल्या माणसाला ते मोजावे लागत नाही, हे येथील अनेकांनी अनुभवले असेल. नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटा असे ध्वनिफितीचे तुकडे कापून आणि जोडून गाण्याच्या आरंभीचा, पुन्हा पुन्हा वाजणारा वेटोळा बनवलेला आहे. गंमत अशी की सॅक्सोफोन सातमध्येच वाजतो, परंतु गिटारची पाळी आली की सगळे चारमध्ये जातात आणि गाण्याला श्वास मिळतो. पैशाविषयीच्या गाण्यात पैसा लंगडत चालतो आणि वाद्य मोकळे धावते, असा अर्थ मी काढतो. रचनाकारांच्या मनात तो होता असा माझा दावा नाही.

गिरणगावचा_नातू

सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि माहितीबद्दल आभार. तरीही मला मूळ शंका अधिक रास्त वाटते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनी तमाशाचा बाज घेतला, कारण समोर बसलेल्या गिरणी कामगाराला तो गावाकडून येतानाच पाठ होता. 'माझी मैना गावाकडे राहिली' ऐकणाऱ्याला छक्कड हा तमाशातील गीतप्रकार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नसे. चाल ओळखीची असल्यामुळे सगळे लक्ष आशयाकडे जाई. नीलांबरीताई ज्या रचनेचे वर्णन करतात, ती प्रथम ऐकणाऱ्याचे सारे लक्ष 'हे चालले आहे तरी काय' यातच खर्च होईल.

हा आक्षेप केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. कॉर्नेलियस कार्ड्यू हा इंग्रज रचनाकार आधी अवघडातल्या अवघड नव्या संगीताचा पुरस्कर्ता होता. पुढे तो माओवादी झाला, त्याने आपल्या जुन्या गुरूवर म्हणजे जर्मन रचनाकार स्टॉकहाउझेनवर साम्राज्यवादाची सेवा केल्याचा आरोप करणारे पुस्तक १९७४ साली लिहिले, आणि स्वतः साध्या चालींची चळवळीची गाणी करू लागला. ज्याला सगळे अवघड येत होते त्यानेच ते सोडले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नीलांबरी

गिरणगावचा_नातू, कार्ड्यूचे उदाहरण चोख आहे, परंतु त्याचा पुढचा भागही पाहावा. त्याची ती साधी गाणी कामगारांच्या ओठांवर बसली असे काही झाले नाही. सोपी चाल म्हणजे लोकांची चाल हे समीकरण तितकेसे सरळ नसते. अण्णाभाऊंची चाल लोकांची होती, कारण ते स्वतः त्या लोकांतले होते, गिरणीत राबलेले होते. कार्ड्यूने लोकांसाठी सोपे केले, आणि 'लोकांसाठी सोपे' यात वरून खाली पाहणे आपोआप येते. हेन्री काऊने निदान श्रोत्याला कमी लेखले नाही.

गिरणगावचा_नातू

कमी लेखले नाही हे मान्य. परंतु श्रोते किती होते आणि कोण होते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. विद्यापीठातील मुलांनी विद्यापीठातील मुलांना जागृत केले, तर वर्गसंघर्ष वाचनालयाच्या बाहेर पडत नाही.

तेरेखोल

वातावरण फार गंभीर झाले आहे, म्हणून जेनेसिस या इंग्रज गटाकडे वळतो. हा गट डावा नव्हताच. खाजगी शाळेत शिकलेली सुखवस्तू मुले होती. परंतु १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट'मध्ये 'गेट एम आउट बाय फ्रायडे' नावाचे साडेआठ मिनिटांचे गाणे आहे, ते मुंबईच्या प्रत्येक भाडेकरूने ऐकावे. घरमालक कंपनीला इमारत रिकामी करून हवी आहे. तिचा माणूस, ज्याला तेथे विंकलर म्हणतात, तो बॅरोबाईंच्या दारात येतो. बाई दुप्पट भाडे द्यायला तयार आहेत, परंतु त्याला भाडे नकोच आहे. चारशे पौंड हातावर ठेवून बाईंची रवानगी हार्लो या नव्याने वसवलेल्या शहरात होते, आणि तेथे पोहोचताच भाडे वाढल्याचे त्यांना कळते. पीटर गॅब्रिएल ही सगळी पात्रे स्वतःच आवाज बदलून गातो.

खरी कमाल शेवटी आहे. भविष्यातील २०१२ सालचे सरकारी निवेदन येते की यापुढे माणसाची उंची चार फुटांपेक्षा अधिक होऊ दिली जाणार नाही, कारण त्यामुळे एकाच जागेत दुप्पट भाडेकरू मावतील. मी गिरगावात वाढलो आहे. चटईक्षेत्राचे गणित इतक्या मोकळेपणाने सांगणारा विकासक मला अद्याप भेटलेला नाही.

विसूभाऊ

तेरेखोल, कृपया हे गाणे कोणत्याही विकासकाला पाठवू नये. विनोद त्यांना कळणार नाही, परंतु कल्पना आवडेल.

खडकवासला

चर्चा रंगली आहे, परंतु येथे सगळे जण एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवत आहेत. ज्या देशांत डावे प्रत्यक्ष सत्तेवर होते तेथे या संगीताचे काय झाले? चेकोस्लोव्हाकियात प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या गटातील मंडळींना आणि त्यांच्या मित्रांना १९७६ च्या मार्च महिन्यात अटक झाली, सप्टेंबरमध्ये खटला चालला आणि शिक्षा झाल्या. गुन्हा होता शांतताभंगाचा, म्हणजे परवानगीवाचून आपल्या मनासारखे गाण्याचा. त्या खटल्यातून जी मंडळी एकत्र आली त्यांनी १९७७ च्या जानेवारीत चार्टर ७७ हे मानवी हक्कांची मागणी करणारे निवेदन काढले. पूर्व जर्मनीत क्लाउस रेन्फ्ट कॉम्बो या गटावर १९७५ साली बंदी आली. लंडनमध्ये बसून लाल मोजे विणणे सोपे असते.

उजवीकडेही प्रोग्रेसिव्ह रॉक आहे, हेही नोंदवतो. कॅनडाच्या रश या गटाचा '२११२' हा १९७६ चा अल्बम व्यक्तिवादाची पुरस्कर्ती लेखिका आयन रँड हिला अर्पण केलेला आहे, आणि त्यातील वीस मिनिटांची कथा समूहाच्या जाचाखाली चिरडल्या जाणाऱ्या एका व्यक्तीची आहे. संगीत म्हणून ती उत्तमच आहे.

नीलांबरी

खडकवासला यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही आणि तो टाळूही नये. रॉबर्ट वायटचे उदाहरण येथे आठवते. सॉफ्ट मशीन या इंग्रज गटाचा हा माजी ड्रमवादक १९७२ मध्ये मॅचिंग मोल या आपल्या गटासाठी 'लिटल रेड रेकॉर्ड' नावाचा अल्बम काढतो, मुखपृष्ठावर चिनी प्रचारचित्रांची नक्कल करतो, आणि त्या वेळी त्यात थट्टाच अधिक असते. १९७३ च्या जून महिन्यात खिडकीतून पडून त्याचे कमरेखालचे शरीर निकामी होते. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो खरोखरच ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होतो. ज्या काळात पक्षात जाऊन काहीच मिळण्यासारखे नव्हते, त्या काळात तो गेला. त्याच्या त्यानंतरच्या गाण्यांत घोषणा जवळजवळ नाहीत. १९८२ चे 'शिपबिल्डिंग' पाहा. गाणे एल्विस कॉस्टेलो आणि क्लाइव्ह लँगर यांचे आहे, परंतु वायटच्या पातळ, थकलेल्या आवाजावाचून त्याची कल्पना करवत नाही. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंडच्या युद्धामुळे, बंद पडलेल्या गोदीत पुन्हा काम येणार, म्हणजे बायकोला नवा कोट आणि मुलाला सायकल घेता येणार, आणि तीच जहाजे गावातल्या मुलांना मरायला घेऊन जाणार. या गाण्यात शत्रू कोण हे सांगितलेलेच नाही. चेकोस्लोव्हाकियातील तुरुंगाचा जाब कोणी वायटला विचारावा याला माझी हरकत नाही. पण त्याने कोणाला तुरुंगात घातले नाही, हेही लक्षात असू द्यावे. आणि प्रागमध्ये गाण्यासाठी तुरुंगात जाणारे व लंडनमध्ये रेकॉर्ड कंपनीशी भांडणारे, या दोघांचाही आग्रह 'आमचे संगीत आम्ही ठरवू' असाच होता.

खडकवासला

रेकॉर्ड कंपनीशी भांडणाऱ्याला फार तर करार गमवावा लागतो. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत.

नीलांबरी

घालत नाही. आग्रह सारखा होता असे म्हणाले, किंमत सारखी मोजावी लागली असे म्हणाले नाही.

ओवी

मला युरोपच्या पश्चिमेकडे अडकून पडलेली ही चर्चा थोडी पूर्वेकडे न्यायची आहे. तुर्कस्तानच्या जेम काराजाचे 'तामिर्जी चिराउ' हे १९७५ चे गाणे शक्य झाल्यास आजच ऐकावे. गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा आहे. एक श्रीमंत मुलगी गाडी दुरुस्तीला घेऊन येते आणि हा तिच्या प्रेमात पडतो. ती गाडी न्यायला पुन्हा येणार, म्हणून तेलकट कपडे उतरवून तो नीटनेटका तयार होतो. ती येते, त्याच्याकडे पाहून तुच्छतेने काही बोलते आणि निघून जाते. मग उस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, तू कामगार आहेस, कामगारच राहा, घाल ते कपडे. हे शेवटचे वाक्य हताशपणाचे समजायचे की अभिमानाचे, यावर गाणे पूर्णतः उघडे राहते, आणि माझ्या मते त्याची सारी ताकद त्यातच आहे.

काराजाने पुढे 'सफिनाझ' नावाची कामगार वस्तीतील मुलीची दीर्घ रचना केली, जी प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कोणत्याही व्याख्येत बसते. १९७९ मध्ये तो जर्मनीत गेला, १९८० च्या लष्करी उठावानंतर परतणे अशक्य झाले, १९८३ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले, आणि १९८७ मध्येच तो मायदेशी येऊ शकला. लाल मोजे प्रत्येकाने सुरक्षित ठिकाणी बसून विणलेले नाहीत, एवढेच खडकवासला यांना सांगावेसे वाटते.

चिलीच्या लोस हाइवासचेही नाव घेते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्यांनी देश सोडला, आधी अर्जेंटिना आणि मग फ्रान्स गाठले, आणि १९८१ मध्ये चिलीचाच कवी पाब्लो नेरुदा याच्या कवितांवर 'आल्तुरास दे माच्चु पिच्चु' केले. अँडीजमधील लोकांच्या बासऱ्या आणि चारांगो हे छोटे तंतुवाद्य यांच्याशेजारी पियानो आणि सिंथेसायझर आहेत. गिरणगावचा_नातू यांच्या तमाशाच्या मुद्द्याला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

निंबोणी

एक गोष्ट अजून कोणीच लिहिलेली नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मंचावर बायका जवळजवळ नसतात, आणि असल्या तर गाण्यापुरत्या असतात. हेन्री काऊच्या अखेरच्या काळात लिंडसे कूपर बासून आणि ओबो ही फुंकवाद्ये वाजवत होती, जॉर्जी बॉर्न बास आणि चेलो वाजवत होती, डागमार गात होती. म्हणजे जवळपास निम्मा गट. 'वेस्टर्न कल्चर' या शेवटच्या अल्बमची एक बाजू बव्हंशी कूपरच्या रचनांची आहे. १९७७ साली तिने आणि बॉर्नने इतर स्त्रियांसोबत फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुपही सुरू केला. डावेपण गाण्यात शोधायचे की गटात, असा प्रश्न असेल तर मी आधी मंचावर कोण उभे आहे ते पाहीन.

मिलानकर

निंबोणी यांनी दार उघडलेच आहे, तर धाग्याच्या शीर्षकातील तिकिटाच्या दराकडे येतो, कारण इटलीत राजकारण तेथेच पेटले होते. 'संगीतावर सर्वांचा हक्क आहे, म्हणून आम्ही तिकीट काढणार नाही' असे म्हणत तरुणांचे जथे मैफलीच्या फाटकावर येत, फाटके मोडत, पोलीस अश्रुधूर सोडत. १९७१ च्या जुलैमध्ये मिलानच्या व्हिगोरेल्ली सायकल मैदानात लेड झेपेलिनची मैफल अश्रुधुरात अर्ध्यावर सुटली. १९७७ मध्ये तेथेच सांतानाच्या मैफलीत पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या, आणि परदेशी कलाकारांनी काही काळ इटलीकडे पाठ फिरवली. रे नूदो या नियतकालिकाने पार्को लांब्रोमध्ये भरवलेल्या तरुणांच्या महोत्सवांची अखेरही १९७६ मध्ये गोंधळात, खाण्याच्या गाड्यांच्या लुटीत आणि आपसांतील भांडणात झाली. फुकट संगीताची मागणी करणाऱ्यांनी वाजवणाऱ्याच्या पोटाचा विचार केला नव्हता.

याच्या उलट उदाहरण स्टॉर्मी सिक्सचे. मिलानच्या या गटाने इतर संगीतकारांसह लॉर्केस्त्रा नावाची सहकारी संस्था काढली. तबकड्या संस्था काढणार, मालकी संगीतकारांची राहणार. १९७५ चा त्यांचा 'उन बिल्येत्तो देल त्राम' पूर्णपणे फॅसिझमविरोधी लढ्यावर आहे. 'स्तालिनग्रादो'ने सुरुवात होते, 'ला फाब्रिका' हे १९४३ च्या कारखान्यांतील संपांवर आहे, आणि 'दान्ते दी नान्नी' हे तुरिनमध्ये १९४४ मध्ये एका घरात वेढला जाऊन एकट्याने लढत मरण पावलेल्या कोवळ्या वयाच्या क्रांतिकारकावर. ही गाणी चळवळीतले लोक गातात, आणि तीही व्हायोलिन व गिटारवर सहज म्हणता येण्याजोगी आहेत. याच मंडळींनी दोन वर्षांनी 'लाप्रेंदिस्ता'मध्ये कारखान्यातील उमेदवारी करणाऱ्या मुलाची गोष्ट चांगल्यापैकी अवघड संगीतात सांगितली. गिरणगावचा_नातू यांना अपेक्षित असलेले आणि नीलांबरी यांना आवडणारे, असे दोन्ही एकाच घरात नांदले आहे.

तेरेखोल

मिलानकरांच्या सहकारी संस्थेचे वाचून हेन्री काऊची एक विसंगती आठवली. 'इन प्रेझ ऑफ लर्निंग' ध्वनिमुद्रित झाला तो व्हर्जिन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीच्या, ऑक्सफर्डशायरमधील मॅनर नावाच्या टुमदार बंगल्यात. त्यामागचा पैसा 'ट्युब्युलर बेल्स' या व्हर्जिनच्याच अल्बमच्या तुफान खपातून आलेला. क्रांतीचा हातोडा भांडवलदाराच्या दिवाणखान्यात घडला म्हणायचा.

नीलांबरी

घडला, आणि ते त्यांना चांगलेच ठाऊक होते. म्हणून तर पुढचे पाऊल पडले. व्हर्जिनशी फाटल्यावर त्यांनी १२ मार्च १९७८ रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये 'रॉक इन ऑपोझिशन' नावाची मैफल भरवली. इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा साम्ला माम्मास मान्ना, बेल्जियमचा उनिव्हेर झेरो आणि फ्रान्सचा एत्रॉन फू ललुब्लां हे गट बोलावले. रेकॉर्ड कंपन्या तुम्हाला ऐकू देऊ इच्छित नाहीत ते संगीत, हे त्यांचे घोषवाक्य होते. या गटांचे संगीत एकमेकांसारखे मुळीच नव्हते. साम्य एवढेच की धंद्याने त्यांना नाकारले होते. त्याच वर्षी कटलरने रेकमेंडेड रेकॉर्ड्स हे वितरण आणि प्रकाशन सुरू केले. हेन्री काऊ त्याच वर्षी फुटला, परंतु ते वितरणाचे जाळे टिकले. पुढे कटलर, फ्रिथ आणि डागमार यांनी आर्ट बेअर्स म्हणून जे केले, विशेषतः १९८१ चा 'द वर्ल्ड अ‍ॅज इट इज टुडे', त्यात भांडवल स्वतःच परदेशातील गुंतवणुकीचे गाणे गाते. गाणी छोटी आहेत, त्यामुळे विसूभाऊंनाही धीर धरता येईल.

विसूभाऊ

प्रयत्न केला. भांडवलाचा आवाज आमच्या सोसायटीच्या सचिवांसारखा वाटला.

सप्तमात्रा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्यांपैकी बरेचसे गेल्या आठवड्यात ऐकले, म्हणून माझ्या शंकेकडे परत येतो. 'लिव्हिंग इन द हार्ट ऑफ द बीस्ट'चा शेवट नीलांबरी म्हणतात तसाच आहे, परंतु तेथपर्यंत पोहोचायला जी सवड आणि शांतता लागते ती पाळीवरून सुटलेल्या माणसाकडे नसते, हे गिरणगावचा_नातू यांचे म्हणणे मला त्यानंतरही खोडता आले नाही. आरेआच्या बाबतीत मात्र ते लागू होत नाही. त्यांचे ते पॅलेस्टाईनवरचे गाणे माझ्या आईने स्वयंपाकघरातून ऐकले आणि कोणाच्या वरातीचे आहे असे विचारले. माझ्यापुरते उत्तर असे दिसते की शब्दांतील डावेपण सर्वांत स्वस्त आहे, सुरांतील डावेपण ऐकणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून आहे, आणि रेकॉर्ड कोणाच्या मालकीची, मंचावर कोण, तिकीट कितीचे, या तीन गोष्टींत मात्र लबाडी करता येत नाही. त्या कसोटीवर माझा लाडका 'ॲनिमल्स' सपशेल नापास होतो, आणि तरी मी तो ऐकणार आहे.

गिरणगावचा_नातू

माझे मत बदललेले नाही, फक्त यादी वाढली आहे. 'तामिर्जी चिराउ' आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्याला ऐकवले. भाषा कळत नसताना त्याने गोष्ट विचारून घेतली आणि मग पुन्हा लावायला सांगितले. हेन्री काऊ ऐकवण्याचे धाडस केले नाही. मिलानकर, 'ला फाब्रिका' आणि 'दान्ते दी नान्नी' या दोन गाण्यांचा भावार्थ मराठीत लिहिता आला तर पाहावे. एक मेच्या कार्यक्रमासाठी हवा आहे.

मिलानकर

'ला फाब्रिका'चा या रविवारी लिहितो. 'दान्ते दी नान्नी'ला थोडा वेळ लागेल, कारण त्यातील तुरिनमधले प्रसंग समजावून सांगितल्याशिवाय भावार्थ पुरेसा होणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढतो.